ट्रंकबाईंचा फोटो

कौसल्याबाई बातमीच्या आधी फोटो वाचत. सकाळी साडेनऊच्या सुमारास त्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येत, बाकावर बसत, नागपूरचा पेपर उचलत आणि राजकारण, राशिभविष्य, निधनवार्ता हे सगळं ओलांडून थेट व्यापार-उद्योगाच्या पानावर जात. तिथे कुठल्या तरी कंपनीच्या मोठ्या साहेबाचा फोटो हमखास असायचा. बाई चष्मा नाकावर खाली ओढून त्याला नीट न्याहाळत आणि मग त्याच्या छातीवर बोट टेकवत.

"हा पाह्य परकाश, हात बांधून उभा हाय. समजून जाय, लोकाइच्या नोकऱ्या जाऊन राह्यल्या."

"कशावरून, बाई?"

"ज्याच्या हाताले काम हाय तो हात बांधून उभा राहत नाही."

मग मी बातमी वाचून पाहायचो. आधी प्रगतीचे दोन परिच्छेद असत आणि तिसऱ्यात कुठेतरी 'मनुष्यबळाची फेररचना' हे शब्द सापडत. बाई समाधानाने मान हलवत. "फेररचना," त्या म्हणत, "घरातले मानसं बाहीर काढले का घर मोठं दिसतेच."

आमच्या पांढुर्ण्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये त्या ऑपरेटर होत्या. सौसरहून मुंबईशी बोलायचं तर सकाळी ट्रंक कॉलचा नंबर लावायचा आणि दुपारपर्यंत फोनपाशी बसून राहायचं, त्या काळातली ही गोष्ट. सगळ्या परगण्याची लग्नं, भांडणं, बाळंतपणं त्यांच्या हातातल्या तारांमधून जात, म्हणून गाव त्यांना ट्रंकबाई म्हणे. पुढे आपोआप चालणारं एक्सचेंज आलं. बाईंना बिलांच्या खिडकीवर बसवलं आणि तिथूनच त्या निवृत्त झाल्या. नवरा आधीच वारलेला, मुलगी बैतूलला दिलेली. घर माझ्या दुकानामागच्या गल्लीत, बुद्धविहाराला लागून. अंगाने काटक, ठेंगण्या, आणि आवाज इतका स्वच्छ की त्यांनी 'थांबा' म्हटलं की रस्त्याने जाणारा परका माणूसही थांबायचा.

मोबाइल उचलल्यावर त्या हॅलो म्हणत नसत. "बोला, कोन पायजे?" हीच सुरुवात. एकदा दुकानात बसलेल्या असताना त्यांना विमा विकणाऱ्या कोणा मुलाचा फोन आला. मोबाइलचा आवाज मोठा होता, त्यामुळे दोन्ही बाजू मला ऐकू येत होत्या.

"बोला, कोन पायजे?"

"मॅडम, आप ही से बात करनी थी."

"मी त हायच इथी. तुमाले कोन पायजे?"

असं चार वेळा झाल्यावर त्या मुलाने स्वतःच फोन ठेवला. बाई म्हणाल्या, "पोरगा चांगला होता, पन त्यालेच मालूम नोतं का त्याले कोन पायजे."

व्यापाराच्या पानावरची अवघड बातमी त्या दोन वाक्यांत सोपी करून देत. एखादी कंपनी दरवर्षी तोट्यात आहे, तरी तिची किंमत वाढतेच आहे, असं मी वाचून दाखवलं की मला त्याचा अर्थ लागत नसे. त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी एक म्हैस होती. दूध काही देये नाही, पन दिसाले लय देखनी. दूरदूरून लोक पाहाले येत. मालक म्हने, औंदा नाही, पुढच्या साली देईन. सात साल तिनं नुसत्या दिसन्यावर कडबा खाल्ला." कंपनीने बोधचिन्ह बदललं की म्हणत, "भित रंगवली का समजावं, एक त घरी पायने येऊन राह्यले, नाही त भितीले तडा गेला. पायने आले का ते आधी पाहावं." आणि कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ज्याले काही बी इचारा, 'नाही मालूम' असं म्हनतच नाही. आमच्यावर बी असा एक साहेब होता. त्याले सगळंच येये. त्याची बदली झाली तवा आमी पेढे वाटले."

असल्या बाई एक दिवस स्वतःच जाहिरातीत गेल्या.

झालं असं की, मोठ्या शहरातली एक कंपनी आमच्याकडे संत्र्यासाठी ॲप घेऊन आली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिने ते नंतर दोनदा बदललं आहे, त्यामुळे लिहून उपयोगही नाही. शेतकऱ्याने आपल्या संत्र्यांचे फोटो टाकायचे, ॲप मालाची प्रत ठरवणार, भाव सांगणार आणि गाडी थेट बागेत पाठवणार. कंपनीची जाहिरातवाली मंडळी पत्रकांच्या झेरॉक्स काढायला माझ्याकडे आली. त्यातल्या गोल चष्म्याच्या मुलीने बाकावर पेपर वाचणाऱ्या बाईंना पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली. "हाच चेहरा," ती म्हणाली.

मला वाटलं, आता बाई तिची साल काढतील. पण बाई लाजल्या. सत्तरी ओलांडलेल्या, जगातल्या सगळ्या साहेबांचे फोटो फाडून खाणाऱ्या ट्रंकबाई पदर सारखा करत लाजल्या. मुलगी पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाल्या, "वीस वर्सं लोकाइनं माहा आवाजच आयकला रे. तोंड कोनी पाह्यलंच नाही."

फोटो काढायच्या दिवशी त्या मुलीने नऊवारी आणि नथ आणली होती. बाई म्हणाल्या, "हे कोनाच्या घरचं?" शेवटी त्यांचं रोजचंच सुती पातळ चाललं, पण डाव्या हातात संत्र्यांची फांदी आणि उजव्या हातात मोबाइल द्यायचं ठरलं. मोबाइल शोभेचा होता, आतून पोकळ. बाईंनी तो कानाशी नेऊन पाहिला. "याच्यात त कोनीच नाही," त्या म्हणाल्या. फोटोवाला म्हणाला, "आजी, तुम्ही फक्त हसा." पोकळ फोनकडे पाहून बाईंना खरंच हसू फुटलं आणि तोच फोटो निघाला.

महिन्याभरात तो पांढुर्ण्याच्या बस स्टँडसमोर लागला, मग सौसरच्या चौकात, मग बोरगावच्या फाट्यावर. बाई दुमजली घराएवढ्या झाल्या. सुरकुत्या अर्ध्या काढून टाकल्या होत्या आणि दात सगळे परत आणले होते. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'आजीवर विश्वास, बागेचा विकास.' बाईंना मी स्कूटरवर बसवून तिन्ही ठिकाणी दाखवून आणलं. बोरगावच्या फाट्यावर चहाच्या टपरीवाल्याने त्यांना ओळखून चहा पाजला. येताना त्या मागे बसून हसत होत्या आणि माझ्या पाठीला ते हसणं जाणवत होतं. "परकाश," त्या म्हणाल्या, "माह्या नवऱ्यानं हे दात पाह्यले असते त दुसऱ्यांदा लगन केलं असतं माह्याशीच."

संत्र्यांचा तोडा सुरू झाला आणि गंमत संपली.

तिगावचे वामनराव सकाळी सकाळी बाईंच्या दारात उभे राहिले. बाईंची त्यांची ओळख नव्हती. पन्नाशीचे, शांत, अंगावर घरचा धुवट शर्ट. त्यांनी चार दिवसांपूर्वी झाडांवरची संत्री उतरवली होती. माल शेडमध्ये ढीग लावून पडला होता आणि गाडी आली नव्हती. ॲप मात्र सांगत होतं की गाडी येऊन उभी आहे. बाई त्यांना घेऊन दुकानात आल्या. मी नकाशा मोठा करून पाहिला. गाडी खरोखरच तिगावला उभी होती, पण ते तिगाव दुसऱ्याच राज्यातलं, दिल्लीच्या बाजूचं निघालं.

"कंपनीले फोन नाही केला?" बाईंनी विचारलं.

"केला ना बाई. मशीन बोलते. एक दाबा, दोन दाबा, मंग बासरी वाजते."

"मंग माह्याकडं काऊन आले?"

वामनराव खाली पाहत म्हणाले, "तिथी तुमच्यावर विश्वास ठेवा असं लिवलं हाय. म्हनून ठेवला."

हे ते रागाने म्हणाले असते तर बाईंना सोपं गेलं असतं. त्यांनी ते फक्त कारण म्हणून सांगितलं.  बाईंनी माझ्या दुकानातला फोन स्वतःकडे ओढला आणि तीस वर्षांपूर्वीच्या खुर्चीत बसल्यासारख्या ताठ बसल्या. बोरगावच्या एका जुन्या वाहतूकवाल्याचा नंबर त्यांना अजून पाठ होता. तो लागला नाही. त्याच्या मेव्हण्याचा लावला. मेव्हण्याने मुलाचा दिला. मुलाने फोन उचलताच बाई म्हणाल्या, "तुह्या बापाले सांग, ट्रंकबाई लाइनवर हाय." पलीकडे धावपळ ऐकू आली. दुपारी तीनला मेटाडोर तिगावच्या शेडमध्ये होता आणि संध्याकाळच्या आत माल नागपूरच्या मंडईकडे निघाला होता. ढिगातला खालचा थर तेवढा गेला, बाकीचा वाचला.

वामनरावांनी ही गोष्ट तिगावात सांगितली आणि तिगावाने सगळीकडे. दुसऱ्या दिवसापासून बाईंच्या दारात रांग लागली. कोणाची संत्री ॲपने लिंबं ठरवली होती. एकाच्या बागेच्या फोटोत त्याची बायको उभी होती, तर ॲपने तिच्यासकट मालाला दुसरी प्रत दिली होती. त्या बाईचा राग काही केल्या उतरेना. ट्रंकबाईंनी तिला चहा दिला आणि म्हटलं, "माह्याकडं पाह्य. मले त पहिली प्रत देऊन दात बी लावले, अन् मी कोनत्या कामाची?" ती हसली आणि काम पुढे सरकलं.

पण संध्याकाळी दार लावताना बाईंचा चेहरा उतरलेला असे. माझ्याकडून त्यांनी कंपनीला एक पत्र लिहून घेतलं: माझा फोटो उतरवा, लोकांना त्रास होतो आहे. उत्तर आलं की, आपला चेहरा ही आमच्या ब्रँडची मौल्यवान ठेव आहे आणि आपल्या भावना आम्हाला महत्त्वाच्या वाटतात. बाईंनी ते मला दोनदा वाचायला लावलं. "म्हंजे तोंड माहं, पन ठेव त्याइची," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी पेपर उघडला नाही. मी चहा मागवला, तो तसाच निवला. निघताना म्हणाल्या, "कोनाले आपलं तोंड देऊ नये, परकाश. अन् दिलं, त त्याच्या मांगं आपन उभं राहावं लागते."

मग सौसरचा कार्यक्रम आला. कंपनीने शेतकऱ्यांसाठी 'कृतज्ञता सोहळा' ठेवला होता. एका लॉनवर मांडव, व्यासपीठ, नारिंगी फुगे आणि समोर पाचएकशे माणसं. कंपनीचे मोठे साहेब स्वतः आले होते. पस्तिशीचे, पांढरे बूट, हसरा चेहरा. बाईंना त्यांच्या शेजारी बसवलं आणि बोलायला तीन ओळी लिहून दिल्या. मी पहिल्या रांगेत होतो. माझ्या बाजूला कंपनीच्या नारिंगी टी-शर्टातली सहा-सात मुलंमुली पोह्यांच्या प्लेटा घेऊन बसली होती.

बाई माइकपाशी गेल्या. तो त्यांच्या उंचीला खाली आणला. तीन ओळींचा कागद घडी करून कमरेला खोचला.

"मले भासन येत नाही," त्या म्हणाल्या. "मले फोन लावता येते. तो लावून दाखोतो."

त्यांनी पिशवीतून मोबाइल काढला, कंपनीचा मदत क्रमांक लावला आणि मोबाइल माइकसमोर धरला.

सगळ्या मांडवात घंटी वाजली. मग एक गोड बाई बोलू लागली. आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. हिंदीसाठी एक, मराठीसाठी दोन. बाईंनी दोन दाबलं. संत्र्यासाठी एक, मोसंबीसाठी दोन, लिंबासाठी तीन. बाईंनी एक दाबलं. आपण निवडलं आहे, लिंबू. मागच्या रांगेतून कोणीतरी खुदकन हसलं. आमचे सर्व प्रतिनिधी सध्या व्यस्त आहेत, कृपया प्रतीक्षा करा. आणि बासरी सुरू झाली.

बासरी फार वेळ वाजली. बाई हलल्या नाहीत. पाचशे माणसं बासरी ऐकत बसली. साहेब आधी हसत होते, मग त्यांनी हात बांधले, मग त्यांना आपण हात बांधल्याचं कळलं असावं, कारण त्यांनी ते सोडले आणि कुठे ठेवायचे ते त्यांना सुचेना. बाईंनी शांतपणे पहिल्या रांगेकडे पाहिलं.

"साहेब," त्या माइकवर म्हणाल्या, "तुमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त हायत ना, ते खरं हाय. ते इथी बसून पोहे खाऊन राह्यले."

मांडव असा हसला की कनातीचा एक बांबू कलला. टी-शर्टातल्या एका मुलाने घास तसाच तोंडात धरून ठेवला होता, तोही शेवटी हसला आणि पोहे माझ्या पॅन्टवर आले. लोधीखेड्याचे एक म्हातारे डोळे पुसत खुर्चीवरून घसरले. हसणं थांबेल असं वाटे तोच बासरी थांबून ती गोड बाई पुन्हा म्हणे, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, आणि लोक पुन्हा सुरू होत.

साहेबांचं एक मानलं पाहिजे. ते उठून गेले नाहीत. त्यांनी बाईंना विचारलं, "आजी, काय करायला हवं?" आणि ते खरंच विचारत होते.

"एक खुर्ची, एक फोन, अन् फोनापाशी एक मानूस," बाई म्हणाल्या. "त्याले इथचं तिगाव मालूम पायजे. अन् ज्याचं उत्तर येत नसन, तिथी त्याले 'मले येत नाही, इचारून सांगतो' असं म्हनता आलं पायजे. हे झाल्यावर फोटो ठेवा. नाही त उतरवा. मी इथूनच हातोडी घेऊन जाईन."

पंधरा दिवसांत सौसरला एका गाळ्यात फोन बसला. त्यापाशी लोधीखेड्याची स्नेहा नावाची मुलगी आली. तिला महिनाभर बाईंनी तयार केलं. रागावलेल्याला आधी संपू द्यायचं. गावाचं नाव दोनदा विचारायचं. उत्तर नसेल तर वेळ सांगायची आणि त्या वेळेला आपण होऊन फोन करायचा. स्नेहा मला सांगे की बाई शेजारी बसून डोळे मिटून ऐकत आणि ती घाईने बोलली की तिच्या गुडघ्यावर टिचकी मारत.

वर्ष सरता सरता व्यापाराच्या पानावर साहेबांची मुलाखत आली. बाई बाकावर होत्या, मी वाचत होतो. कंपनीने ग्राहकसेवेत क्रांती घडवली होती. दीर्घ संशोधनानंतर त्यांनी 'मानवी प्रतिसाद प्रणाली' विकसित केली होती, ज्यात ग्राहकाच्या फोनला प्रत्यक्ष माणूस उत्तर देतो. बाईंनी पेपर माझ्या हातातून घेतला, स्वतः वाचला आणि हसायला लागल्या. आधी आवाज नव्हता, नुसते खांदे. मग चष्मा काढून ठेवावा लागला. झेरॉक्सला आलेले दोघे काहीच न कळता हसू लागले. "मानूस," बाई कशाबशा म्हणाल्या, "लय संशोधन केलं बापा त्याइनं. शेवटी मानूस सापडला."

त्यानंतरच्या हिवाळ्यात बाई गेल्या. दोन दिवस ताप आला, मुलगी बैतूलहून पोचली, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन पडल्या त्या उठल्या नाहीत. विहारात वंदना झाली तेव्हा जागा पुरली नाही. तिगावचे वामनराव बाहेर चपलांपाशी उभे होते.

चार-पाच दिवसांनी स्नेहा दुकानात आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेली एक चौकट होती. बाकावर बसून तिने सांगितलं की शिकवणी संपल्यानंतरही बाई तिला सोडत नव्हत्या. रोज दुपारी त्या गाळ्यात फोन करत. आवाज जाड करून, पुरुषी. "मी दगडू बोलतो लोधीखेड्याहून, माहा माल सडून राह्यला." स्नेहाने पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. लोधीखेड्यात असा दगडू नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? पण ती काही बोलली नाही. ती रोज दगडूजींची तक्रार लिहून घेई, वेळ सांगे आणि ठरल्या वेळी उलटा फोन करी. पलीकडून जाड आवाज म्हणे, "ठीक हाय, आज बरं बोलली." आजारी पडल्या त्या दिवशीही दगडूजींचा फोन आला होता. आवाज बसला होता आणि खोकला येत होता, तरी त्यांनी दोन क्रेट कमी आल्याबद्दल स्नेहाला चांगलं फैलावर घेतलं होतं.

कंपनीच्या यंत्राने वर्षाअखेरीस सगळे फोन मोजले. मोठ्या कार्यालयातून सौसरला एक मानपत्र आलं. स्नेहाने कागद उलगडला. जाड सोनेरी किनार, खाली साहेबांची सही, आणि मधोमध लिहिलेलं: श्री. दगडूजी, लोधीखेडा, आमचे सर्वांत जागरूक ग्राहक.

आम्ही दोघं आधी रडलो की आधी हसलो, ते आता सांगता येत नाही. मानपत्र मी दुकानातच लावलं आहे, मशीनच्या वर. नवं गिऱ्हाईक विचारतं की हे दगडूजी कोण. मी सांगतो, होते एक. स्वभावाने खट, पण त्यांचा फोन आला की बोलत बसावंसं वाटायचं.